व्हर्नाबाईंच्या वहीतला पाचवा फाउल

गेल्या ऑक्टोबरात आमच्या हार्म्सव्हिल कॉलेजनं जिमच्या भिंतीवर एक नवा बॅनर चढवला. निळं कापड, पिवळी अक्षरं : 'टर्की क्रीक कॉन्फरन्स, संयुक्त विजेते, १९७७'. तो उलगडायची दोरी ओढायला त्यांनी मला बोलावलं, कारण त्या वर्षीच्या बास्केटबॉल संघातला चव्वेचाळीस नंबरचा सेंटर मी. लायल फ्रेरिक्स. आमंत्रणाचं पत्र आलं तेव्हा मी माझ्या हार्डवेअरच्या दुकानात होतो. पत्र वाचलं आणि माझं डोकं इतकं फिरलं, की समोरच्या माणसानं खिळे मागितले होते त्याला मी स्क्रू बांधून दिले.

कारण ते धडधडीत खोटं आहे. सत्त्याहत्तर साली आम्ही संयुक्त विजेते वगैरे काही नव्हतो. आम्ही हरलो होतो. एका गुणानं, आमच्याच जिममध्ये, आमच्याच माणसांसमोर. आणि त्या हरण्याचं खापर आमच्या गावानं आमच्याच एका बाईच्या डोक्यावर फोडलं आणि तिला सत्तेचाळीस वर्षं वाळीत टाकलं. आधी हरलो म्हणून तिला छळायचं, आणि आता हरलोच नव्हतो म्हणून बॅनर लावायचे! एकदा काय ते ठरवा तरी.

त्या बाईंचं नाव व्हर्ना ओल्टमान्स. आज अठ्ठ्याऐंशीच्या आहेत.

गावाबाहेर रेल्वेलगत शेतकऱ्यांच्या सोसायटीचं धान्याचं कोठार आहे. तिथल्या वजनकाट्यावर व्हर्नाबाईंनी एकतीस वर्षं काढली. ट्रक भरलेला आला की वजन, रिकामा होऊन परत आला की वजन, वजाबाकी करून चिठ्ठी. काम एवढंच, पण मक्याच्या काढणीच्या दिवसांत ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत जायची आणि प्रत्येकाला घाई. व्हर्नाबाई कोणाच्या घाईला भीक घालत नसत. आकडा दिसला की त्याच क्षणी लिहायचा, शाईनं लिहायचा, आणि चुकलाच तर खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी सही करायची.

"व्हर्ना, या खेपेला जरा काटा हलका वाटतोय हं," असं एखाद्या शेतकऱ्यानं म्हणावं.

"काटा तोच आहे. तुझा मकाच ओला होता मागच्या खेपेला. उतरव आणि वाट सोड."

शेतकरी हसत पुढे जायचा. त्यांच्या चिठ्ठीवर कोणी दुसऱ्यांदा नजर टाकत नसे. कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, भानगडीत त्या आल्या त्याही या काट्यामुळेच.

एकाहत्तर साली आमच्या भागात पाच लहान कॉलेजं अशी होती, ज्यांना कोणतीच मोठी कॉन्फरन्स दारात उभं करत नव्हती. विद्यार्थी कमी, जिम जुनाट, आणि वाटेत मैलोन्‌मैल मक्याची शेतं. शेवटी त्या पाचांच्या कोचांनी एका दुपारी हमरस्त्यावरच्या धिरड्यांच्या हॉटेलात बसून आपली आपणच मोट बांधली. आपापसात खेळायचं, आपला विजेता आपणच ठरवायचा. बाहेर टर्की क्रीक नावाचा ओढा वाहत होता, म्हणून नाव टर्की क्रीक कॉन्फरन्स. नावाला लोक हसले. हसोत. पण घटना हवी, नियम हवेत, आणि पाचही कोचांत टाइप करता येणारा एकही गडी नाही. आमचे कोच डिट्झ म्हणाले, "आमच्या काट्यावरची व्हर्ना करेल की." अशा रीतीनं व्हर्नाबाई कॉन्फरन्सच्या सेक्रेटरी झाल्या. बिनपगारी, अर्थात. दोन ट्रकांच्या मधल्या वेळेत त्यांनी दीड पानाची घटना टाइप केली.

नियम आमच्या माणसांना शोभतील असे होते. बुधवारी चर्च असतं, सामना ठेवायचा नाही. बर्फानं रस्ता बंद झाला तर पाहुण्या संघाला यजमान गावानं घरोघर झोपायला न्यायचं. मध्यंतरात यजमानांनी गुणलेखकांच्या टेबलावर काहीतरी गरम खायला द्यायचं. आणि कलम सात : दोन्ही कॉलेजांचे गुणलेखक आपापल्या वहीत लिहितील, पण मतभेद झाल्यास यजमान कॉलेजची वही अखेरची.

हार्म्सव्हिलची वही लिहायला व्हर्नाबाईच बसत. सामना चालू असताना त्या ओरडत नसत, टाळी वाजवत नसत, कोचकडे बघतसुद्धा नसत. ओरडायचं खातं त्यांच्या नवऱ्याकडे होतं. होबार्ट ओल्टमान्स, कॉलेजच्या पाठीराख्यांचा अध्यक्ष. पॉपकॉर्नचं मशीन त्याच्या ताब्यात आणि गावातला सर्वांत मोठा आवाजही त्याचाच. आम्ही मैदानात उतरलो की "हाण रे, लायल!" अशी आरोळी यायची ती होबार्टची. त्याची आणि व्हर्नाबाईंची जोडी बघून लोक म्हणायचे, देवानं सगळं बोलणं एकाला दिलं आणि सगळं लिहिणं दुसरीला.

आता तो सामना. सव्वीस फेब्रुवारी सत्त्याहत्तर, शनिवार, दुपारी दोन. समोर नॉर्डल कॉलेज, नॉर्वेजियन लुथरन मंडळी. दोघांनीही सातांपैकी सहा सामने जिंकलेले. जो जिंकेल तो कॉन्फरन्सचा विजेता, आणि तोही शेवटचा विजेता. कारण पाचांपैकी दोन कॉलेजांना मोठ्या कॉन्फरन्सची बोलावणी जानेवारीतच आली होती आणि त्यांनी ती आनंदानं स्वीकारलीही होती. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे गावात असंही बोललं गेलं की व्हर्नानं कॉन्फरन्स मारली. उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या शनिवारी शिट्टी वाजण्याआधीच कॉन्फरन्स मेलेली होती. फक्त पुरायची राहिली होती.

नॉर्डलची वही लिहायला त्यांचे पाद्री टॉर्विक आले होते. अत्यंत सज्जन माणूस, आणि खाण्याचा शौकीन. मध्यंतराला अर्धं मिनिट असतानाच आमच्या बायकांनी टेबलावर मसालेदार रश्श्याचे वाडगे आणि दालचिनीचे गरम रोल आणून ठेवले. ही चूक आमचीच माणसं करू शकतात. नियम होता मध्यंतराचा, पण पाहुण्याला थांबवायचं कसं? पाद्रीबाबांनी रोल उचलला, बोटं साखरेनं चिकट झाली, पेन खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. आणि नेमका तेव्हा, शेवटच्या सेकंदाला, मी नॉर्डलच्या एका पोराला कोपरानं ढकललं. पंचानं शिट्टी मारली, टेबलाकडे बोटांनी दाखवलं : चव्वेचाळीस. माझा तिसरा फाउल. व्हर्नाबाईंनी लिहिला. पाद्रीबाबा चावत होते.

मध्यंतरात दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा करायची रीत होती. त्या दिवशी वह्यांवर वाडगे होते. ताळा राहिला.

सामना संपायला एक मिनिट चाळीस सेकंद उरले असताना आम्ही एकसष्ट, नॉर्डल अठ्ठावन्न. त्यांचा सेंटर बास्केटखाली वळला, मी त्याच्या हातावर मारलं, शिट्टी. आणि लगेच टेबलावरचा भोंगा वाजला. व्हर्नाबाईंनी वाजवला होता. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि ते पंचाला तिथल्या तिथे सांगायचं काम गुणलेखकाचं.

पंच टेबलाशी आला. "काय झालं?"

"चव्वेचाळीस नंबर. पाच झाले."

कोच डिट्झ खुर्ची ढकलून धावत आले. "चार! व्हर्ना, अगं चार झालेत! पाद्रीबाबा, तुमच्या वहीत किती?"

पाद्री टॉर्विक लाल झाले. "माझ्या वहीत चार आहेत. पण खरं सांगू का कोच, मध्यंतराच्या वेळेस माझं लक्ष ताटलीत होतं."

"ते जाऊ द्या हो! त्यांच्याच वहीत चार आहेत म्हणतो मी. पाहुण्यांची हरकत नाही, मग तुझं काय दुखतंय, व्हर्ना?"

"माझ्या वहीत पाच आहेत," व्हर्नाबाई म्हणाल्या. "पाचवा आत्ताचा. तिसरा मध्यंतराच्या टोकाला, कोपराचा. ताळा करायचा राहिला ती चूक माझी. पण फाउल पाच आहेत."

पंच डेस मॉइन्स शहरातून आलेला, नवखा होता. जिममध्ये आरडाओरडा सुरू झालेला. तो बिचारा गोंधळला आणि त्यानं जे करायचं नसतं ते केलं. माझ्याकडे वळून विचारलं, "काय रे, चव्वेचाळीस? तुझे किती झाले?"

मघापासून मी गावाला शिव्या घालतोय. आता माझं ऐका. मला माहीत होतं. प्रत्येक सेंटरला आपले फाउल माहीत असतात, दातात अडकलेल्या काडीइतके ते जाणवत असतात. तिसरा कुठला, चौथा कुठला, सगळं माहीत होतं. मी पंचाच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "चार."

व्हर्नाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चुकीचं वजन दाखवणाऱ्या काट्याकडे बघावं तसं. मग त्या पंचाला म्हणाल्या, "कलम सात वाचा. मी आणलंय."

पंचानं वाचलं आणि मला बाहेर काढलं. नॉर्डलच्या पोरानं फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो टाकले, एकेक गुण, साठ. शेवटच्या पंधरा सेकंदांत, मी जिथे उभा असतो त्या जागेवरून, त्यानंच आणखी एक बास्केट टाकली, दोन गुणांची. बासष्ट-एकसष्ट. मी बाकावर टॉवेलात तोंड घालून रडलो. लोकांना वाटलं, पोरावर अन्याय झाला.

आमच्या गावाला भांडता येत नाही. कोणी व्हर्नाबाईंच्या खिडकीवर दगड मारला नाही, कोणी तोंडावर वाईट बोललं नाही. आमचं गाव फार सभ्य आहे. आमच्या चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा जेवण असतं, प्रत्येक घरानं एक भांडं भरून न्यायचं, भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. त्या मार्चमध्ये व्हर्नाबाईंनी नूडल्स आणि चिकन भाजून नेलं. शंभर माणसं जेवली. भांडं भरलेलं तसंच घरी गेलं. एप्रिलमध्ये तसंच. मे महिन्यात माझ्या आईनं माझ्या हाताला धरून मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, का ते मला कळत होतं. मी गेलो. मी दुसऱ्या कुणाच्या तरी भांड्यातले बटाटे वाढून घेतले.

सहा महिने त्या भांडं नेत राहिल्या. मग नेणं बंद केलं.

आणि मका? मका मात्र तिच्याच काट्यावर! पलीकडच्या गावातही काटा होता, चार मैलांवर. एक ट्रक तिकडे गेला नाही. तीच माणसं, जी तिच्या हातचा घास खात नव्हती, ती तिच्या हातची चिठ्ठी न बघता खिशात घालत होती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ही बाई खोटा आकडा लिहिणार नाही. मग त्या शनिवारचा आकडाच तेवढा खोटा कसा? हा प्रश्न सत्तेचाळीस वर्षांत एकाही शेतकऱ्याला पडला नाही. मी तर म्हणतो, पडला होता. पाच फाउल झाले होते हे त्यांना कळत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आपल्या माणसानं आपल्यासाठी एकदा डोळेझाक करायला काय हरकत होती.

मला काय मिळालं ते सांगतो. कॅफेत फुकट कॉफी. सासऱ्याच्या दुकानाला, जे पुढे माझं झालं, गिऱ्हाईक. "बिचारा लायल, त्याला बाहेर काढलं नसतं तर..." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आमच्याकडे तर चोराला वर कॉफी पाजत होते. आणि मी पीत होतो, मूग गिळून.

होबार्टचं वेगळंच झालं. त्यानं बायकोला सोडलं नाही, मोठ्यानं बोललाही नाही. त्याचा आवाजच गेला. पाठीराख्यांचं अध्यक्षपद त्यानं त्याच महिन्यात सोडलं, पॉपकॉर्नचं मशीन कॉलेजला देऊन टाकलं आणि पुन्हा कधी जिममध्ये पाऊल ठेवलं नाही. रविवारी चर्चमध्ये दोघं एका बाकावर बसायची, मध्ये एका माणसाची जागा सोडून. गावाच्या बाजूनं की बायकोच्या, हे त्याला ठरवता येत नव्हतं. बायको खोटं लिहिणार नाही हे त्याला माहीत होतं, पण फ्रेरिक्सांचा पोरगा अकराशे माणसांसमोर पंचाच्या डोळ्यांत बघून खोटं बोलेल, हेही त्याला पटत नव्हतं.

पंच्याऐंशी सालच्या वसंतात तो दुकानात आला. कुंपणाच्या तारेसाठी आला होता. तार मोजून झाली, मी गुंडाळी बांधत होतो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"लायल," तो म्हणाला, "एक विचारू का? रागावणार नाहीस ना?"

"विचारा की, मिस्टर ओल्टमान्स."

"चार होते की पाच?"

गुंडाळी बांधायला मला खूप वेळ लागला. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, दोन मुलींचा बाप. आणि मी हसून म्हणालो, "किती वर्षं झाली हो त्याला! आता कुठे आठवतंय."

"हो, तेही खरंच," होबार्ट म्हणाला. तार उचलून गेला. अठ्ठ्याण्णव साली तो वारला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मी होतो.

दरम्यान टर्की क्रीक कॉन्फरन्सचं नामोनिशाण पुसलं गेलं. सहा वर्षं टिकली बिचारी, कुत्रं त्याहून जास्त जगतं. नॉर्डल कॉलेज एकोणऐंशी साली बंद पडलं. आता तिथे ट्रॅक्टरांचे सुटे भाग मिळतात. आमचं कॉलेज मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेलं आणि त्यांनी आमचा क्रीडा-इतिहास अठ्ठ्याहत्तरपासून लिहायला घेतला, त्याआधी जणू आम्ही चेंडू पाहिलाच नव्हता. व्हर्नाबाईंनी कॉन्फरन्सच्या सगळ्या वह्या, घटना, पत्रव्यवहार असं सगळं एका खोक्यात घालून कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन दिलं. दोन आठवड्यांनी खोकं परत आलं, 'जागेअभावी'. बाईंनी ते घरी कपाटात ठेवलं.

आता कॉलेजला दीडशे वर्षं झाली, देणगीदार यायचे आहेत, भिंत रिकामी दिसते. कॉलेजचा क्रीडासंचालक ट्रेव्हर हॅस्ब्रुक नावाचा एक तुकतुकीत तरुण आहे. त्याला जुन्या वर्तमानपत्रात शेवटच्या सामन्याआधीचं एक कात्रण सापडलं : हार्म्सव्हिल आणि नॉर्डल बरोबरीत, सहा-सहा विजय. झालं! बरोबरीत म्हणजे संयुक्त विजेते. मी पत्र खिशात घालून तडक त्याच्याकडे गेलो.

"अहो, त्यानंतर एक सामना झाला," मी म्हणालो. "आम्ही हरलो."

"त्याची अधिकृत नोंद कुठेच नाही, सर. त्या आठवड्याचा अंकच मिळत नाही."

"वही आहे. व्हर्ना ओल्टमान्सकडे."

"त्या आजींकडे? घरी ठेवलेली वही अधिकृत कशी धरायची?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि सर, हरकत घेणार कोण? नॉर्डल तर राहिलंच नाही."

मेलेल्या माणसाच्या खिशातून घड्याळ काढून घ्यावं आणि वर म्हणावं, तो कुठे वेळ विचारतोय! मी तिथे बरंच काही बोललो. ट्रेव्हर हसतमुखानं ऐकत राहिला. या नव्या लोकांना शिवी दिली तरी ते 'प्रतिक्रियेबद्दल आभार' म्हणतात.

त्याच आठवड्यात व्हर्नाबाईंचा फोन आला. चर्चच्या वृद्धाश्रमात असतात, कान चांगले आहेत, गुडघे गेलेत. सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा फोन केला.

"लायल, त्या बॅनरचं खरं का?"

"खरं आहे, मिसेस ओल्टमान्स."

"संयुक्त विजेते! माझ्या सहा वह्यांत हा शब्द कुठेच नाही. नॉर्डलच्या पोरांनी तो सामना जिंकला. ती पोरं आता म्हातारी झाली असतील, त्यांचं कॉलेजही गेलं, एक गोष्ट राहिली होती त्यांच्याकडे. तीसुद्धा अर्धी घ्यायची? यांना लाज कशी वाटत नाही?" मी त्यांना कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "दोरी तू ओढणार म्हणे."

"बोलावलंय."

"तू काय करायचं ते मी सांगणार नाही. सांगायचं असतं तर मागेच सांगितलं असतं." आणि फोन ठेवला.

शनिवारी मी गेलो. कोट घातला होता. जिममध्ये माजी विद्यार्थी, देणगीदार, ट्रेव्हर आणि त्याचा माईक. मी दोरीला हात लावला नाही. माईक घेतला आणि म्हणालो :

"सत्त्याहत्तरचा सामना आपण हरलो. बासष्ट-एकसष्ट. माझे पाच फाउल झाले होते आणि ते मला त्याच वेळी माहीत होतं. पंचानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. व्हर्ना ओल्टमान्सनी खरं लिहिलं होतं आणि या गावानं त्याबद्दल त्यांना आयुष्यभर शिक्षा दिली. ती शिक्षा माझी होती. हा बॅनर खोटा आहे, तो लावू नका."

मग पहिल्या रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. टाळ्या! एक बाई डोळे पुसत जवळ येऊन म्हणाली, "किती मोठं मन आहे हो तुमचं." ट्रेव्हरनं माईक घेतला, "हीच ती टर्की क्रीकची खिलाडूवृत्ती!" असं म्हणाला आणि स्वतःच दोरी ओढली. बॅनर उलगडला. अजून तिथेच आहे. त्यांना वाटलं, म्हातारा नम्रपणा करतोय. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर मुठी आपटल्या.

तिथून सरळ वृद्धाश्रमात गेलो. व्हर्नाबाई खिडकीजवळ खुर्चीत होत्या, मांडीवर सत्त्याहत्तरची वही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. मला वाटत होतं, त्या संतापतील, निदान बॅनरवर तरी.

"किती माणसं होती?" त्यांनी विचारलं.

"चाळीसेक असतील."

"हं." त्यांनी वही मिटली. "त्या दिवशी अकराशे होती."

"मिसेस ओल्टमान्स, मला माफ करा. मी फार उशीर केला."

बाहेर कोणीतरी जेवणाची ढकलगाडी नेत होतं.

"होबार्टनं तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "दुकानात. घरून निघतानाच मला म्हणाला होता, आज लायलला विचारतो, तो पाच म्हणाला तर मी जाऊन गावाला सांगतो. मी दारात उभी राहून वाट बघत होते. तार खाली ठेवली आणि म्हणाला, त्याला आठवत नाही म्हणतो." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्यानंतर तेरा वर्षं जगला तो. त्या घरात आम्ही हा विषय पुन्हा काढला नाही. तू आज सांगितलंस ते बरं केलंस, लायल. पण त्याला आता कोण सांगणार?"